फुफ्फुसातली गाठ आणि सीटी स्कॅन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालचे प्रश्न रुग्ण आणि नातेवाईक तीन वेळा विचारतात: सीटीला जाण्याआधी, रिपोर्ट हातात पडल्यावर आणि बायोप्सीचं, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासण्याचं, नाव निघाल्यावर. उत्तरं प्रौढांसाठी आहेत. लहान मुलांच्या फुफ्फुसातल्या गाठींची कारणं आणि नियम वेगळे असतात.

एक्स-रेत डाग दिसलाच आहे, मग सीटी कशासाठी?

एक्स-रे म्हणजे सावली. पुढच्या बरगड्या, मागच्या बरगड्या, हृदय, स्तन, त्वचा, सगळं एकाच चित्रात एकावर एक पडतं. म्हणून फुफ्फुसात वाटणारा डाग फुफ्फुसातच असेल असं नाही. स्तनाग्राची सावली, पूर्वी मोडून सांधलेली बरगडी, पाठीवरची चरबीची गाठ, इतकंच काय, शर्टाचं बटणसुद्धा एक्स-रेत ‘गाठ’ बनून येतं. याच्या उलटही होतं. हृदयामागे, कॉलरबोनमागे किंवा श्वासपटलाच्या घुमटाआड दडलेली चांगली मोठी गाठ एक्स-रेत सुटून जाते.

सीटी छातीचे आडवे काप घेतो, त्यामुळे काहीच कशामागे लपत नाही. गाठ खरंच आहे का, एक आहे की अनेक, फुफ्फुसात आहे की छातीच्या भिंतीत, तिच्या शेजारी काय आहे, हे त्यात कळतं. ‘सीटीत काहीच नाही, ते हाड होतं’ असा रिपोर्ट अनेकांना मिळतो, आणि तोही तपासणीचा उपयोगच.

रिपोर्टमध्ये नोड्यूल, मास, लिजन, ओपॅसिटी असे शब्द आहेत. यातला वाईट कोणता?

स्वतःहून वाईट कोणताच नाही. ‘ओपॅसिटी’ म्हणजे पांढरट दिसणारा भाग, ‘लिजन’ म्हणजे काहीतरी वेगळं आहे इतकंच. नोड्यूल आणि मास यांच्यातला फरक निव्वळ मापाचा: ३ सेंटीमीटरपर्यंत नोड्यूल, त्याहून मोठी ती मास. मात्र या मापाला अर्थ आहे. लहान नोड्यूल बहुतेक वेळा निरुपद्रवी असतात, तर ३ सेंटीमीटरच्या पुढची गाठ दुसरं काही सिद्ध होईपर्यंत कॅन्सरची समजूनच तपासतात. ‘समजून तपासणं’ म्हणजे निदान नव्हे. न्यूमोनियाचा गोल दिसणारा भाग, फुफ्फुसातला पू, क्षयाची गाठ, बुरशीचा गोळा, यांपैकी कशाचीही मास होऊ शकते.

सीटी बघून कॅन्सर आहे की नाही हे ठामपणे सांगता येतं का?

बहुतेक वेळा नाही. सीटी आकार, कडा, घनता आणि शेजार दाखवतो. पेशी दाखवत नाही. काही थोड्या गाठींची ओळख मात्र सीटीवरच पक्की पटते, आणि तिथे पुढे काही करावं लागत नाही. त्या कोणत्या, ते पुढे येईलच. बाकीच्यांसाठी सीटीवरून ‘शक्यता किती’ एवढं ठरतं आणि त्यावरून थांबायचं, पेट स्कॅन (त्याबद्दल पुढे आहे) करायचा की तुकडा काढायचा, हे ठरतं. रिपोर्टमध्ये ‘सस्पिशियस’ (संशयास्पद) लिहिलंय म्हणून कॅन्सरचे उपचार सुरू करत नाहीत. अगदी ठरावीक परिस्थिती सोडली तर आधी पेशींचा पुरावा लागतो.

कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन घ्यावंच लागतं का?

कॉन्ट्रास्ट म्हणजे रक्तवाहिन्या आणि अवयव सीटीत वेगळे उठून दिसावेत म्हणून शिरेतून दिलेलं औषध. ते द्यायचं की नाही, हे कशासाठी स्कॅन आहे त्यावर अवलंबून आहे. लहान नोड्यूल वाढला का हे बघायला कॉन्ट्रास्टची गरज नसते, कारण काळ्या दिसणाऱ्या हवेत पांढरी गाठ तशीही उठून दिसते. मोठी गाठ, फुफ्फुसाच्या मुळाशी असलेली गाठ, लिम्फ नोड (लसिका ग्रंथी) आणि रक्तवाहिन्या वेगळ्या ओळखायच्या असतील किंवा कॅन्सरची पायरी (स्टेज) ठरवायची असेल तर कॉन्ट्रास्ट हवा. तो नसेल तर छातीच्या मधल्या भागात सगळं एकाच राखाडी रंगाचं दिसतं आणि गाठ महारोहिणीला, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य धमनीला, चिकटलेली आहे की नुसती शेजारी आहे, हे सांगता येत नाही.

कॉन्ट्रास्ट आयोडीनयुक्त असतो. साधारण ६० ते १०० मिली औषध यंत्राच्या पंपाने सेकंदाला २ ते ३ मिली या वेगाने शिरेत जातं. या वेगासाठी कोपराजवळची चांगली शीर आणि २० गेजच्या आसपासची सुई लागते. मनगटावर किंवा हाताच्या पंजावर आधीपासून असलेली बारीक सुई बऱ्याचदा चालत नाही, म्हणून तंत्रज्ञ पुन्हा टोचतात. त्यांच्यावर रागावू नका.

सीटीच्या आधी काय तयारी करायची?

साध्या सीटीला काहीच नाही. कॉन्ट्रास्ट असेल तर अनेक केंद्रं काही तास उपाशी राहायला सांगतात. पाणी पिऊ नका असं कोणी स्पष्ट सांगितलं नसेल तर पाणी प्या, कारण तहानलेल्या शरीरात कॉन्ट्रास्ट मूत्रपिंडाला जास्त जड जातो. रक्तदाबाच्या, थायरॉइडच्या आणि हृदयाच्या रोजच्या गोळ्या चुकवू नका.

क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाच्या रक्ततपासणीचा) ताजा रिपोर्ट सोबत ठेवा. त्यावरून ईजीएफआर काढतात, म्हणजे मूत्रपिंड किती वेगाने रक्त गाळतं त्याचा अंदाज. तो ३० च्या खाली असेल तर कॉन्ट्रास्टचा फायदा-तोटा डॉक्टरांना नीट तोलावा लागतो. मधुमेहाची मेटफॉर्मिन सगळ्यांनीच बंद करायची, हा गैरसमज जुना आहे. ईजीएफआर ३० किंवा जास्त असेल आणि मूत्रपिंडाला अचानक इजा झालेली नसेल, तर ती थांबवायची गरज नसते. त्याखाली असेल तर स्कॅनपासून ४८ तास बंद ठेवून, मूत्रपिंडाची तपासणी पुन्हा करूनच सुरू करतात. काही केंद्रांचा नियम यापेक्षा कडक असतो, तो पाळायला हरकत नाही. फक्त साखर बघत राहा.

पूर्वी कॉन्ट्रास्टने अंगावर गांधी उठल्या असतील, घसा आवळला असेल किंवा दम लागला असेल, तर ते सुई लावण्याआधी सांगायचं. नंतर नव्हे. मासे किंवा कोळंबीची ॲलर्जी असली की आयोडीन चालत नाही, ही समजूत मात्र चुकीची आहे. त्या ॲलर्जीचं कारण आयोडीन नसून माशातली प्रथिनं असतात. थायरॉइड फार जोरात चालत असेल किंवा पाळी चुकली असेल तर तेही सांगा. स्तनपान करणाऱ्या आईच्या दुधात औषधाचा एक टक्काही अंश उतरत नाही. बाळाला पाजणं बंद करावं लागत नाही.

मशीनमध्ये नेमकं काय होतं? किती वेळ लागतो?

गळ्यातलं, ब्राचे हुक, खिशातली नाणी काढून ठेवतात, कारण धातूमुळे चित्रावर चांदणीसारखे पट्टे उमटतात. पाठीवर झोपवून दोन्ही हात डोक्यामागे घ्यायला सांगतात. खांदा आखडलेल्यांना याचा त्रास होतो, पण हात छातीशेजारी राहिले तर नेमके फुफ्फुसाच्या मध्यभागी पट्टे येतात. टेबल मोठ्या कड्यातून सरकतं. एमआरआयसारखा लांब बोगदा नसतो, डोकं बाहेरच राहतं.

कॉन्ट्रास्ट जाताना अंगातून गरम लाट जाते, तोंडाला धातूची चव येते आणि लघवी झाल्यासारखं वाटतं. झालेली नसते. हे अर्ध्या-एक मिनिटात ओसरतं. पण सुईच्या जागी झोंबलं किंवा फुगलं तर लगेच ओरडून सांगा, कारण औषध शिरेबाहेर जात असतं. तसं झालं तर पंप थांबवतात, हात उंच ठेवून गार शेक देतात. सूज बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत जाते. बोटं बधिर झाली, फोड आले किंवा दुखणं वाढत गेलं तर मात्र दाखवायला जावं.

मग आवाज येतो: ‘श्वास घ्या, रोखून धरा.’ खरा स्कॅन एवढाच, ५ ते १० सेकंदांचा. या सेकंदांवर बरंच काही अवलंबून असतं. श्वास सुटला की गाठीची कड पुसट होते, एका नोड्यूलचे दोन दिसतात आणि लहान नोड्यूल दोन कापांच्या मधेच हरवूही शकतो. दम्याच्या किंवा खोकल्याच्या रुग्णाने घरी आठ-दहा सेकंद श्वास रोखायचा सराव करून यावं, आणि ‘मला जमत नाही’ हे आधीच सांगावं. मग तंत्रज्ञ स्कॅनचा वेग वाढवतात किंवा खालून वर स्कॅन करतात, कारण श्वास सुटताना सगळ्यात जास्त हलतो तो फुफ्फुसाचा तळ.

नंतर अर्धा तास तिथेच बसवतात. गंभीर ॲलर्जी आलीच तर ती बहुतेक वेळा याच अवधीत येते.

रिपोर्टच्या वर ‘१ मिमी’ किंवा ‘५ मिमी’ असं लिहिलेलं असतं, ते काय?

ती कापाची जाडी. या पानावरची दुसरी कुठलीही तांत्रिक गोष्ट लक्षात राहिली नाही तरी चालेल, ही राहू द्या.

समजा, फुफ्फुसात ४ मिमीचा नोड्यूल आहे आणि काप ५ मिमी जाडीचे आहेत. एका कापात नोड्यूल आणि त्याच्याभोवतीची हवा दोन्ही येतात आणि संगणक दोघांची सरासरी काढतो. ठोस गाठ मग फिकट, धूसर दिसते. तिच्यातलं कॅल्शियम किंवा चरबी, म्हणजे जे बघून ती निरुपद्रवी आहे असं म्हणता आलं असतं, तेच पुसलं जातं. आणि माप दोन्हीकडे चुकतं. म्हणून नोड्यूलसाठी १.५ मिमी किंवा त्याहून पातळ, शक्यतो १ मिमीचे सलग काप हवेत. आजकालच्या मशीनवर ते तयार होतातच. अडचण पुढे येते: फिल्मवर मोजकेच जाड काप छापून मिळतात. ३० सेंटीमीटर उंचीच्या फुफ्फुसाचे १ मिमीचे काप ३०० होतात, ते फिल्मवर मावणारच नाहीत. म्हणून सीडी, पेनड्राइव्ह किंवा लिंक मागून घ्या आणि तिच्यात पातळ काप आहेत याची खात्री तिथेच करा. काही केंद्रं जागा वाचवायला पातळ काप थोड्या दिवसांनी काढून टाकतात.

रेडिओलॉजिस्ट गाठीत काय बघतात?

आधी कड. काट्यांसारख्या रेषा बाहेर पसरलेल्या असतील, तर संशय वाढतो, कारण कॅन्सर शेजारच्या जाळीत घुसतो आणि तिला आत ओढतो. खाचा असलेली, ओबडधोबड वाढलेली कडही संशयाचीच. गुळगुळीत कड चांगली, पण त्यावर विसंबून राहू नये: दुसऱ्या अवयवातल्या कॅन्सरमधून फुफ्फुसात आलेल्या गाठी बऱ्याचदा अगदी गोल-गुळगुळीत असतात.

मग घनता. ती हाउन्सफील्ड एककात मोजतात, रिपोर्टमध्ये ‘एचयू’ लिहितात. पाणी ०, हवा उणे १०००. हे नाव गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांचं, ज्यांच्या मशीनवर १९७१ साली लंडनमध्ये पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा सीटी झाला. १९७९ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्यांना ॲलन कॉरमॅक यांच्यासोबत मिळालं. गुळगुळीत गाठीच्या आत उणे ४० ते उणे १२० एचयू, म्हणजे चरबी, स्पष्ट मोजता आली तर ती बहुधा हॅमार्टोमा नावाची साधी गाठ असते.

कॅल्शियमचं असं आहे की ते ‘आहे’ एवढं पुरत नाही, कुठे आहे ते बघावं लागतं. सगळी गाठ भरून, अगदी मधोमध, कांद्याच्या पापुद्र्यांसारखं किंवा पॉपकॉर्नसारखं असेल तर गाठ निरुपद्रवी समजतात. कडेला सरकलेलं किंवा राळ्यासारखं विखुरलेलं असेल तर नाही, कारण जुन्या क्षयाचा कॅल्शियमचा दाणा वाढत्या कॅन्सरने गिळला, तर तो असाच एका बाजूला दिसतो. हाडाच्या आणि आतड्याच्या काही कॅन्सरच्या फुफ्फुसातल्या गाठींतही कॅल्शियम असतं, म्हणून पूर्वी कॅन्सर झालेल्या माणसाला हा नियम जसाच्या तसा लावत नाहीत.

गाठीत पोकळी असेल तर भिंतीची जाडी मोजतात. सगळ्यात जाड जागी ४ मिमी किंवा कमी असेल तर बहुधा साधं कारण, १५ मिमीपेक्षा जास्त असेल तर बहुधा कॅन्सर. मधल्या मापाची पोकळी काहीही असू शकते. पोकळीत गोळा दिसला तर रुग्णाला पालथं झोपवून दोन-चार काप पुन्हा घेतात. गोळा घरंगळून खालच्या बाजूला गेला तर तो जुन्या पोकळीत वाढलेला बुरशीचा गोळा. भिंतीला चिकटून राहिला तर प्रश्न तसाच उरतो.

शेवटी शेजार. फुफ्फुसाच्या पडद्याला लागून असलेला लहान, चपटा-तिकोनी नोड्यूल म्हणजे बहुधा फुफ्फुसातलाच लिम्फ नोड, त्याच्यामागे लागत नाहीत. गाठीत एक धमनी शिरते आणि एक शीर बाहेर पडते असं दिसलं तर ती गाठच नाही, तो रक्तवाहिन्यांचा गुंता आहे. जाड झालेल्या आवरणाला चिकटलेला, धूमकेतूसारखी शेपटी असलेला गोळा म्हणजे दुमडून बसलेलं फुफ्फुस.

टीबी की कॅन्सर, हे सीटीवर कळतं का?

इथे भलेभले चकतात. दोघांनाही फुफ्फुसाचा वरचा भाग आवडतो, दोघेही पोकळी करतात, दोघांतही लिम्फ नोड वाढतात. मुख्य गाठीभोवती लहान दाण्यांची पिलावळ आणि झाडाच्या फांदीला कळ्या याव्यात तसे श्वासनलिकांच्या टोकांना ठिपके, हे क्षयाकडे झुकतं. एकटीच, काटेरी, महिन्यागणिक वाढणारी गाठ कॅन्सरकडे झुकते. पण दोन्ही एकाच माणसात असू शकतात, आणि जुन्या क्षयाच्या व्रणातही कॅन्सर होतो.

सगळ्यात महागात पडते ती अशी पद्धत: बेडका तपासलेला नाही, तुकडा काढलेला नाही, नुसत्या सीटीवरून क्षयाच्या गोळ्या सुरू, आणि पुढचा स्कॅन थेट सहा महिन्यांनी. गाठ कॅन्सरची असली तर तेवढ्यात शस्त्रक्रियेची वेळ निघून गेलेली असू शकते. पुराव्याविना औषध सुरू करावंच लागलं, तर पहिल्या दोनेक महिन्यांत पुन्हा चित्र घेऊन गाठ कमी होतेय का हे बघावं. वाढत असेल तर निदानच पुन्हा तपासायला हवं.

‘ग्राउंड ग्लास’ म्हणजे काय?

दुधी काचेतून पलीकडचं अंधुक दिसतं तसा धुरकट ठिपका, ज्यातून आतल्या रक्तवाहिन्या दिसत राहतात. साधा संसर्ग किंवा थोडा रक्तस्रावही असा दिसतो आणि काही आठवड्यांत जातो. न जाणारा ठिपका मात्र फार सावकाश वाढणाऱ्या ॲडिनोकार्सिनोमाची (फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या एका प्रकाराची) सुरुवात असू शकतो. म्हणून याच्यावर लक्ष ठेवण्याचा काळ लांब, ५ वर्षांचा असतो. ठिपक्याच्या आत ठोस भाग तयार होऊ लागला किंवा होता तो वाढला, तर ती खरी धोक्याची खूण. पायरी ठरवतानाही ठोस भागाचंच माप धरतात, पूर्ण ठिपक्याचं नाही.

मागच्या वेळी ८ मिमी होती, आता ९ मिमी आहे. वाढली ना?

सांगता येत नाही. एकच स्कॅन दोन तज्ज्ञांनी मोजला तरी १ मिमीचा फरक पडतो. श्वास कमी-जास्त भरला तरी पडतो. म्हणून लांबी-रुंदीच्या सरासरीत किमान २ मिमी फरक दिसला तरच वाढ धरतात.

पण आकडे फसवेही आहेत. गाठ गोळ्यासारखी असते आणि व्यास सव्वापट झाला की आकारमान दुप्पट होतं. ८ मिमीची गाठ १० मिमी झाली, म्हणजे तिच्यात पेशींचा ऐवज जवळपास दुप्पट झाला. ‘दोनच मिलिमीटर तर वाढली’ असं म्हणून सोडून द्यायचं नाही. ठोस कॅन्सरला दुप्पट व्हायला साधारण १०० ते ४०० दिवस लागतात. दोन-तीन आठवड्यांत दुप्पट झाली तर ती बहुधा संसर्गाची. दोन वर्षांत अजिबात न बदललेली ठोस गाठ निरुपद्रवी मानतात, त्यामागचा हिशेब हाच.

डॉक्टर म्हणतात, ‘थांबून बघू.’ हे दुर्लक्ष नाही का?

नाही. लहान नोड्यूलला सुई लावणं अवघड आणि त्यातून धोका जास्त, आणि तो कॅन्सरचा असण्याची शक्यता कमी. थांबण्याचं वेळापत्रकही ठरलेलं आहे. फ्लाइश्नर सोसायटी या छातीच्या रेडिओलॉजीतल्या तज्ज्ञांच्या संस्थेचे २०१७ चे नियम जगभर वापरतात. सहज सापडलेल्या एकट्या ठोस नोड्यूलसाठी ते असे: ६ मिमीपेक्षा लहान आणि धोका कमी असेल तर पुन्हा स्कॅनची गरज नाही. धोका जास्त असेल, म्हणजे धूम्रपान, घरात फुफ्फुसाचा कॅन्सर, वरच्या भागातली किंवा काटेरी गाठ, तर १२ महिन्यांनी एकदा बघता येतं. ६ ते ८ मिमी असेल तर ६ ते १२ महिन्यांनी, आणि पुढे १८ ते २४ महिन्यांनी. ८ मिमीच्या पुढे असेल तर ३ महिन्यांनी स्कॅन, पेट किंवा बायोप्सी यांतला एक रस्ता.

हे नियम ३५ वर्षांखालच्यांना, आधीच कॅन्सर असलेल्यांना आणि प्रतिकारशक्ती दबलेल्यांना लागू नाहीत. ३ सेंटीमीटरच्या वरच्या गाठीला तर ‘सहा महिन्यांनी या’ असं म्हणतच नाहीत. तिथे न्यूमोनियाची लक्षणं स्पष्ट असतील तर औषध देऊन ६ ते ८ आठवड्यांनी पुन्हा चित्र घेणं, एवढीच सवलत.

जुने स्कॅन कशाला मागतात? रोग तर आताचा आहे.

जुना स्कॅन फुकटात मिळालेली दोन वर्षं असतात. तीन वर्षांपूर्वी पोटदुखीसाठी पोटाचा सीटी झाला असेल, तर त्यात फुफ्फुसांचा तळ आलेलाच असतो. तिथेच आजची ठोस गाठ तेवढ्याच मापाची दिसली, तर पेट आणि बायोप्सी दोन्ही टळू शकतात. हृदयाचा सीटी, करोनाच्या काळात काढलेला छातीचा सीटी, नोकरीच्या वेळचा एक्स-रे, जे असेल ते शोधून आणा. नुसता छापील रिपोर्ट पुरत नाही, चित्रं हवीत.

पेट स्कॅनमध्ये गाठ ‘चमकली’. म्हणजे पक्कं?

पक्कं नाही. पेटमध्ये साखरेसारखं किरणोत्सारी औषध जास्त खाणाऱ्या पेशी चमकतात. कॅन्सर चमकतो, पण क्षय, बुरशी, सार्कॉइड (फुफ्फुसात सुजेच्या गाठी करणारा आजार) आणि साधा न्यूमोनियाही चमकतो. उलट कार्सिनॉइड (सावकाश वाढणारा ट्यूमर), ग्राउंड ग्लाससारखे सुरुवातीचे ॲडिनोकार्सिनोमा आणि ८ मिमीपेक्षा लहान गाठी कॅन्सरच्या असूनही मंद राहतात. पेटचा मोठा फायदा वेगळाच: बायोप्सी कुठून करावी आणि रोग आणखी कुठे आहे का, हे तो दाखवतो.

सीटी बघत बघत बायोप्सी कशी करतात? त्यात धोका किती?

गाठ फुफ्फुसाच्या बाहेरच्या बाजूला असेल तर सुई छातीच्या भिंतीतून जाते. मुळाशी किंवा मोठ्या श्वासनलिकेजवळ असेल तर दुर्बिणीने किंवा अन्ननलिका-श्वासनलिकेतल्या सोनोग्राफीने नमुना घेणं बरं.

आधी प्लेटलेट आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप) तपासतात. प्लेटलेट ५०,००० च्या वर आणि आयएनआर दीडच्या आसपास किंवा खाली हवा. रक्त पातळ ठेवणारी क्लोपिडोग्रेल बहुधा ५ दिवस आधी थांबवतात. पण स्टेंट बसवलेला असेल तर हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही.

त्वचेवर धातूची जाळी चिकटवून दोन-चार काप घेतात, जागा आखतात, बधिर करण्याचं इंजेक्शन देतात. बाहेरची जाड सुई गाठीच्या कडेपर्यंत एकदाच घालतात आणि तिच्या आतून दुसऱ्या सुईने अनेक तुकडे काढतात, म्हणजे फुफ्फुसाच्या आवरणाला छिद्र एकच पडतं. बरगडीच्या वरच्या काठावरून सुई घालतात, कारण रक्तवाहिनी खालच्या काठाला असते. रुग्णाचं काम एकच: प्रत्येक वेळी सारखाच, छोटा श्वास घेऊन थांबायचं. एकदा खोल आणि एकदा उथळ श्वास घेतला की गाठ एक-दोन सेंटीमीटर वर-खाली जाते आणि सुई शेजारून निघून जाते. तळाच्या गाठींत हे हमखास होतं.

मुख्य धोका फुफ्फुसाबाहेर हवा साचण्याचा. जाड सुईच्या बायोप्सीत हे साधारण चार-पाच जणांत एकाला होतं, पण बहुतेकांची हवा आपोआप जिरते. नळी टाकावी लागते ती फार थोड्यांना. धूम्रपानाने फुफ्फुस फुगलेलं असेल, गाठ लहान आणि खोल असेल तर धोका वाढतो. थोडं रक्त थुंकीतून पडतं, ते तासाभरात कमी व्हायला हवं. नंतर टोचलेली बाजू खाली करून झोपवतात आणि काही तासांत एक्स-रे घेतात. घरी गेल्यावर अचानक दम लागला, छातीत कळ आली किंवा रक्त वाढलं तर सकाळची वाट न बघता रुग्णालयात जायचं. डॉक्टर हो म्हणेपर्यंत विमानप्रवास नाही.

आणि एक गोष्ट, जी चुकली की सगळी खटपट वाया जाते. तुकडे फॉर्मालिनच्या बाटलीत जातात, आणि फॉर्मालिन जंतू मारतं. क्षयाची किंचितही शंका असेल, तर एक तुकडा साध्या सलाइनमध्ये वेगळा ठेवून कल्चर (जंतू वाढवून बघणं) आणि जीनएक्स्पर्ट (क्षयाच्या जंतूंची जनुकीय तपासणी) यांसाठी पाठवायला हवा. हे बायोप्सीच्या आधी ठरवायचं. नंतर आठवलं तर पुन्हा सुई.

बायोप्सीत ‘कॅन्सर नाही’ आलं. निश्चिंत व्हायचं?

रिपोर्टमध्ये ठोस पर्यायी निदान असेल, जसं क्षय, बुरशी किंवा हॅमार्टोमा, तर बहुतांशी हो. नुसतं ‘इन्फ्लमेशन’ (सूज) किंवा ‘नमुना अपुरा’ असेल आणि सीटीवर गाठ संशयास्पद असेल तर नाही. सुई गाठीच्या मेलेल्या भागात किंवा शेजारी गेलेली असू शकते. पुन्हा बायोप्सी, शस्त्रक्रिया किंवा लवकरचा स्कॅन यांतलं काहीतरी हवंच.

कोणत्या गाठीला सुई लावू नये?

रक्तवाहिन्यांच्या गुंत्याला, कारण जिवावर बेतणारा रक्तस्राव होतो. आणि पाण्याच्या घनतेची, पातळ भिंतीची गाठ हायडॅटिडची (फीतकृमीच्या अळीने होणाऱ्या पाणगाठीची) वाटत असेल तर तिला, कारण आतलं पाणी सांडलं की तीव्र ॲलर्जी येऊ शकते आणि रोगही पसरतो. दोन्ही बहुतेक वेळा सीटीवर आधीच ओळखू येतात.

कॅन्सर निघालाच तर सीटीवरून पुढे काय ठरतं?

गाठीचं माप: ३, ५ आणि ७ सेंटीमीटर या पायऱ्या बदलण्याच्या रेषा. गाठ छातीची भिंत, हृदयाचं आवरण किंवा मोठ्या रक्तवाहिन्या यांच्यात शिरली आहे का, हे बघतात. लिम्फ नोडची आखूड बाजू १० मिमीपेक्षा जास्त असेल तर संशय धरतात, पण मोठा नोड साध्या संसर्गानेही होतो आणि लहान नोडमध्येही कॅन्सर असतो. म्हणून शस्त्रक्रिया नाकारण्याआधी त्या नोडचा नमुना घ्यायलाच हवा. छातीचा स्कॅन यकृत आणि मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथींपर्यंत खाली नेतात, कारण फुफ्फुसाचा कॅन्सर तिथे जायची शक्यता असते. ॲड्रिनलमध्ये गाठ दिसली की घाबरायला होतं, पण बिनकॉन्ट्रास्टच्या स्कॅनमध्ये ती एकसारखी आणि १० एचयू किंवा कमी असेल तर ती साधी, चरबीयुक्त गाठ असते.

इतके सीटी काढून किरणांनीच कॅन्सर होणार नाही का?

छातीच्या नेहमीच्या सीटीचा डोस साधारण ५ ते ७ मिलिसिव्हर्ट. निसर्गातून माणसाला जगात सरासरी वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट मिळतातच, म्हणजे एक सीटी दोन-तीन वर्षांच्या नैसर्गिक किरणांएवढा. कमी डोसचा सीटी दीड मिलिसिव्हर्टच्या आसपास, आणि नोड्यूलच्या पुढच्या तपासण्यांना तोच पुरतो. तसं लिहून द्यायला सांगा. धोका शून्य नाही, तरुणांत थोडा जास्त धरतात, पण साठीच्या माणसात संशयास्पद गाठ न बघण्याचा धोका त्याहून कितीतरी मोठा. खरी उधळपट्टी असते ती विनाकारण दोन टप्प्यांत काढलेल्या, आधी साधा आणि लगेच कॉन्ट्रास्ट अशा स्कॅनची. गाठीसाठी बहुतेक वेळा एकच फेरी पुरते.

काही त्रास नाही, पण सिगारेट ओढतो. सीटी करून घेऊ का?

अमेरिकेतल्या एनएलएसटी अभ्यासात ५३,४५४ जण होते. दर वर्षी एक याप्रमाणे तीन वेळा कमी डोसचा सीटी केलेल्यांत, एक्स-रे केलेल्यांपेक्षा फुफ्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू २० टक्के कमी झाले. हा निकाल २०११ चा. पण त्याच अभ्यासात सीटीत काहीतरी सापडलेल्यांपैकी ९६ टक्क्यांहून अधिक लोकांना कॅन्सर नव्हता. अमेरिकेतली २०२१ ची शिफारस ५० ते ८० वयाच्या, किमान २० पॅक-वर्षं ओढलेल्या आणि अजून ओढणाऱ्या किंवा सोडून १५ वर्षं न झालेल्यांसाठी आहे. पॅक-वर्ष म्हणजे रोज २० सिगारेटचं एक पाकीट, असं एक वर्ष. रोज दहा सिगारेट ४० वर्षं ओढल्या तरी २० पॅक-वर्षंच. या गटाबाहेरच्या माणसाने हौसेने सीटी केला तर हाती बहुधा निरुपद्रवी नोड्यूल आणि पुढच्या स्कॅनची तारीख येते.

सीटी नॉर्मल आहे, पण खोकल्यातून रक्त येतच आहे.

श्वासनलिकेच्या आतल्या अस्तरावरची लहान वाढ सीटीत कफाच्या थेंबासारखी दिसते किंवा दिसतही नाही. पन्नाशीच्या आसपास किंवा पुढचं वय, धूम्रपान आणि पुन्हा पुन्हा पडणारं रक्त, एवढं असेल तर सीटी नॉर्मल असला तरी दुर्बिणीने श्वासनलिका आतून बघावी लागते. थुंकीतल्या रक्ताचा रंग, साधारण किती चमचे आणि कोणत्या दिवशी, हे लिहून ठेवा आणि जाताना तो कागद सोबत न्या. एका वेळी अर्धी वाटी किंवा जास्त रक्त पडलं तर कागद राहू द्या, लगेच जवळच्या रुग्णालयात जा.